चाळिसावं कार्ड

"मास्तर, खरं सांगा. आत्ता ब्रेक मी दाबला की तुम्ही?"

गाडी चौकातल्या पांढऱ्या पट्ट्याच्या हातभर अलीकडे गपकन उभी राहिली होती. समोरून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत, जगातली सगळी सवड आपल्याकडेच असल्यासारखे रस्ता ओलांडत होते. मास्तरांनी आपल्या पायाकडे पाहिलं. उजवा पाय पेडलवर होता. मग त्यांनी बाईंच्या पायाकडे पाहिलं. तोही पेडलवर होता.

"दोघांनी," मास्तर म्हणाले.

"असं कसं? कुणीतरी आधी दाबला असेल ना?"

"सिग्नल सुटला, बाई. मागचे बोंबलतायत. चला."

बाई निघाल्या, पण प्रश्न गाडीतच बसून राहिला.

मास्तर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सव्वीस वर्षं शिकणाऱ्याच्या शेजारी बसत आले होते. त्या सीटपुढेही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. शिकणाऱ्याची घाबरगुंडी उडाली तर शिकवणाऱ्याने दाबावा म्हणून. मास्तरांचा पाय घाबरगुंडीची वाट बघत नसे. कोपऱ्यावरून कुत्रं येणार, सायकलवाला वळणार, पुढची बस थांबणार, हे त्यांना आधीच दिसायचं आणि दिसलं की पाय खाली जायचा. सव्वीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. मालक ही गोष्ट नव्या गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत. शिकणारे पाठीमागे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. मास्तरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

अडचण एवढीच की संध्याकाळी गाडी जागेवर लावली तरी पाय काही सुट्टी घेत नसे. जेवणाच्या टेबलाखाली तो दाबत राही. टीव्हीवर कुणी पळू लागलं की दाबे. बायको उतू जाणाऱ्या दुधाकडे धावली की हे खुर्चीत बसून दाबत. हातांचंही तेच. पेपर वाचताना घडी घाल, उलगड, पुन्हा घाल. संपेपर्यंत बातम्यांना सुरकुत्या पडलेल्या असत.

"लग्न झालं तेव्हा वाटलं, जरा चुळबुळ्या आहे, बसेल हळूहळू," बायको शेजारणीला सांगायची. "आता पन्नाशी उलटली. अजून बसतोच आहे."

लेकीच्या बाबतीत मात्र ही चेष्टेची गोष्ट राहिली नव्हती. तिला अठरावं संपल्यासंपल्या मास्तरांनी मोठ्या हौसेने शिकवायला घेतलं होतं. सतराव्या दिवशी ती भर रस्त्यात गाडी थांबवून उतरली आणि दार तसंच उघडं टाकून चालत घरी आली. "मी नुसतं स्टिअरिंग धरून बसते," ती आईला म्हणाली होती, "गाडी बाबाच चालवतात." पुढे नोकरीच्या गावी ती दुसऱ्याच कुणाकडे तरी शिकली. आता ती पाणी तपासणीच्या खात्यात होती. गावोगावच्या विहिरींचे आणि टाक्यांचे नमुने गोळा करत दिवसाला दीडशे किलोमीटर एकटी गाडी हाकायची. घरी आली की दोघांना फिरवून आणायची, पण आई पुढे आणि बाबा मागे. गेली नऊ वर्षं हा नियम मोडला नव्हता. मास्तर मागे बसून बायकोच्या सीटच्या पाठीवर ब्रेक दाबत.

"अहो, ती माझी कंबर आहे," बायको न वळता म्हणायची.

मास्तर हसून घेत. पण ज्या माणसाने तीन हजारांवर लोकांना गाडी शिकवली, त्याला पोटची पोर शेजारी बसू देत नाही, हे त्यांना आत कुठेतरी कायम टोचत होतं. एकदा, फक्त एकदा, तिच्या शेजारच्या सीटवर बसायचं आणि ती कशी चालवते ते बघायचं. एवढी एकच इच्छा होती त्यांची. ती त्यांनी आजवर कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

अशात बाई परीक्षेत नापास झाल्या.

या बाई पोहण्याच्या तलावामागच्या जुन्या हॉलमध्ये एअर रायफलची नेमबाजी शिकवत. चाळिशीच्या, किडकिडीत, बोलणं मोजकं. रस्त्यावर गाडी आली की त्यांच्या तळहातांना घाम फुटे, पण त्यांच्या हॉलमध्ये म्हणे त्यांचा श्वाससुद्धा विचारल्याशिवाय बाहेर पडत नसे. परीक्षा देऊन त्या थेट स्कूलच्या ऑफिसात आल्या. मालक टेबलामागे बसले होते आणि मास्तर किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात खेळवत उभे होते.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"परीक्षक म्हणाले, पुढे थांबवा. मी क्लच दाबला आणि बसून राहिले."

"आणि ब्रेक?"

"तो लागेल असं वाटलं." बाई ओशाळून हसल्या. "दोन महिने दर वेळी लागायचाच हो. मी दाबला काय, न दाबला काय. गाडी आपली जाऊन कचराकुंडीला टेकली."

मालकांनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवला. "या महिन्यातली ही तिसरी केस, मास्तर. आधीच्या दोघांचंही हेच झालं. तुमच्या हाताखालची माणसं वळतात झकास, गिअर टाकतात झकास. थांबायचं तेवढं शिकत नाहीत."

ज्या पायाची आयुष्यभर शाबासकी घेतली, तो पाय आज भर ऑफिसात आरोपी म्हणून उभा होता. आणि गंमत म्हणजे त्या क्षणीही तो फरशीवर दाबत होता.

बाई त्यांच्या मागोमाग बाहेर आल्या. "मास्तर, रागावलात?"

"तुमच्यावर कशाला रागावू?"

"तुमचा दोष नाही असं मी म्हणणार नाही. आहेच तो. पण मला हा आजार माहितेय. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला असतो. तुमच्या पायात आहे, त्यांच्या बोटात असतो."

"कसला आजार?"

"व्हायच्या आधीच करून टाकायचा. उद्या सकाळी सहाला हॉलवर या. मी तुम्हाला उभं राहायला शिकवते. तुम्ही मला थांबायला शिकवा."

मास्तर घरी आले आणि बायकोला म्हणाले, "मी उद्यापासून बंदूक शिकायला जाणार आहे."

बायकोने भाजी चिरता चिरता मान वर केली. "कुणावर राग आहे?"

*

हॉल लांबट होता आणि त्यात जुन्या चटईचा वास भरलेला असे. एका टोकाला टेबलांची रांग, दुसऱ्या टोकाला दहा मीटरवर दिव्यांच्या उजेडात टांगलेली पोस्टकार्डापेक्षा लहान कार्डं. कार्डाच्या मधोमध काळं वर्तुळ आणि त्या काळ्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका. तो ठिपका मास्तरांना पहिल्या दिवशी दिसलाच नाही. छपाईतली चूक असेल असं त्यांना वाटलं.

बाईंनी त्यांना कॅनव्हासचं आणि चामड्याचं एक जाकीट चढवलं. ते इतकं ताठ होतं की काढून ठेवलं तर एकटं उभं राहिलं असतं. पायात सपाट तळाचे बूट. हातात पाच किलोला थोडी कमी अशी रायफल.

"डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवा. हाताने उचलू नका, हाडावर ठेवा. गाल इथे. आता या भोकातून बघा. पुढच्या गोल कड्यात काळं दिसतंय?"

"दिसतंय. पण हलतंय."

"हलणारच. माझंही हलतं. जिवंत माणसाचं हलतंच. त्याला दाबून धरायला जाऊ नका, नुसतं बघा."

"आणि गोळी कधी मारायची?"

"तीन आठवड्यांनी."

मास्तरांना वाटलं, बाई चेष्टा करतायत. बाई चेष्टा करत नव्हत्या. तीन आठवडे मास्तर रोज सकाळी गोळीशिवायची रायफल धरून उभे राहिले. शेजारी एक दंतवैद्य आणि एक पोस्टातली बाई ठाक ठाक गोळ्या मारत असायचे आणि हे आपले भिंतीकडे बघत. पाच मिनिटांत नाकाला खाज सुटे. मग पाठीला. मग घरचा गॅस बंद केला का ते आठवे, लेकीचा फोन आला नाही ते आठवे, स्कूलच्या दुसऱ्या गाडीच्या मागच्या टायरात हवा कमी आहे ते आठवे. आणि काळं कड्याच्या मध्यावर येऊ लागलं रे लागलं की उजवा पाय खाली दाबला जाई, कंबर हले आणि कडं उडी मारून भलतीकडेच जाई.

बाईंनी खडू घेऊन त्यांच्या दोन्ही बुटांभोवती जमिनीवर रेघ मारली. तासाभराने बघितलं तर डाव्या बुटाची रेघ जशीच्या तशी होती. उजव्या बुटाने आपली रेघ पुसून खाल्ली होती.

"मला दिसतं ना बाई, काळं आता मध्यावर येणार म्हणून," मास्तर कावले. "मग दाबायचं नाही?"

"येणार ते दिसतं. आलेलं कधी बघितलंय तुम्ही?"

मास्तर पुन्हा भोकातून बघू लागले.

"आणि ऐका. आठ अंक मोजेपर्यंत गोळी सुटली नाही तर रायफल खाली घ्यायची. डोळा शिणतो, मग माणूस उरकून टाकतो. खाली घ्यायची, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायची. खाली घेता येणं यातच अर्धी नेमबाजी आहे."

ही अर्धी मास्तरांना काही केल्या जमेना. हातातोंडाशी आलेली गोष्ट सोडून द्यायची, हे त्यांच्या अंगात नव्हतं. गोळी मिळाली त्या दिवशी पहिलीच गोळी कार्ड टांगलेल्या पट्टीवर जाऊन बसली. दंतवैद्य म्हणाले, "सुरुवात चांगली आहे, इमारत तरी चुकली नाही." पण मास्तर चिवट होते. महिन्याभरात गोळ्या काळ्यात पडू लागल्या. पाच, सहा, एखादा आठ. रायफल खाली घेणं मात्र नाहीच. सहा तर सहा, पण मारून मोकळे.

दुपारी ते बाईंना बाजारामागच्या मोकळ्या मैदानात न्यायचे. तिथे मास्तरांनी एक नामी युक्ती काढली. गाडीत बसताना चपला काढायच्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसायचं. पाय पेडलपर्यंत पोहोचलाच नाही पाहिजे. पहिल्या दिवशी बाईंनी ब्रेक उशिरा दाबला आणि मास्तरांचं कपाळ डॅशबोर्डला भेटून आलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी मैदानातली विटांची रास उडवली. मास्तरांचे मांडीखालचे पाय मुंग्या आल्यासारखे तडफडले, पण ते बसून राहिले. आठव्या दिवशी बाईंनी एका पिंपापुढे इतक्या हळुवार गाडी थांबवली की दोघंही काही क्षण त्या पिंपाकडे बघत बसले.

"हा मी दाबला," बाई म्हणाल्या.

"हो. हा तुम्हीच."

दुसऱ्या परीक्षेत बाई पास झाल्या आणि हॉलची जुनी व्हॅन स्वतः चालवत पेढे न आणता थेट एक फॉर्म घेऊन आल्या. चाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या हॉलमध्ये नवशिक्यांची स्पर्धा होती. त्यांनी मास्तरांचं वय स्वतःच भरून टाकलं होतं.

रात्री लेकीचा फोन आला तेव्हा मास्तरांनी सहज बोलता बोलता सांगितलं. पलीकडून हसणं आलं.

"बाबा, नेमबाजी? तुम्ही? तुम्ही डास मारताना तरी एका जागी उभे राहता का?"

"आता राहतो. बुटांची रेघसुद्धा पुसत नाही."

"काय पुसत नाही?"

"काही नाही. स्पर्धा आहे रविवारी."

लेकीचं हसणं थांबलं. मग म्हणाली, "मी येते शनिवारी. मीच नेईन तुम्हाला." अटही सांगून टाकली. "पुढे बसा. पण पाय हलला ना बाबा, तर जिथे हलला तिथे मागच्या सीटवर. चालेल?"

"चालेल," मास्तर म्हणाले. फोन ठेवल्यावर ते घरभर दोन फेऱ्या मारून आले.

*

रविवारी सकाळी पंचवीस किलोमीटर सगळं सुरळीत झालं. मास्तरांनी हात मांडीवर ठेवले होते, पाय सीटखाली मागे ओढून घेतले होते. लेक सुरेख चालवत होती. वळणाआधी गिअर उतरवत होती, आरशात बघत होती, कुणाला उगाच हॉर्न देत नव्हती. हिला हे सगळं कुणी शिकवलं असेल, या विचाराने मास्तरांना अभिमान वाटत होता आणि वाईटही.

"बरं चाललंय ना?" लेकीने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"झकास."

पुढे रस्त्याच्या कडेला एक ट्रक उभा होता. त्याच्या चाकांमधून मास्तरांना चार पाय दिसले. कुत्रं. बाहेर येणार. पाय सीटखाली होते आणि पुढे पेडलही नव्हतं, म्हणून हात गेला. मास्तरांनी हँडब्रेक खसकन वर ओढला.

मागची चाकं किंचाळली. गाडीची शेपूट फिरली आणि गाडी रस्त्यात आडवी उभी राहिली. मागून येणारी एक जीप हॉर्न वाजवत बाजूच्या मातीतून कशीबशी निघून गेली. कुत्रं ट्रकखालून बाहेर आलं, गाडीकडे बघितलं आणि निवांतपणे पलीकडे गेलं.

लेकीने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले नव्हते.

"मी बघितलं होतं त्याला, बाबा," ती म्हणाली. "तुमच्या आधी. मी वेग कमी केलाच होता."

मास्तरांनी काट्याकडे पाहिलं नव्हतं. आता त्यांना आठवलं की इंजिनाचा आवाज खरंच आधीच उतरला होता. जीप मातीत उतरली नसती तर लेकीच्याच दारावर आली असती. सव्वीस वर्षं ज्याला ते माणसं वाचवणं म्हणत आले होते, त्याने आज त्यांची पोरच घालवली असती.

"मागे बसा," लेक म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

उरलेले पंधरा किलोमीटर मास्तर मागच्या सीटवर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

*

एकोणीस स्पर्धक होते. चाळीस गोळ्या, पन्नास मिनिटं, प्रत्येक गोळीला एक कार्ड. चाक फिरवलं की तारेवरून कार्ड जवळ यायचं, ते काढून नवं लावायचं, पुन्हा चाक फिरवून लांब पाठवायचं. मागे खुर्च्यांवर बाई बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी दोन खुर्च्या सोडून लेक.

पहिल्या दहा गोळ्यांची पार वाट लागली. चार, पाच, दोन. काळं दिसायच्या आधीच बोट दाबून मोकळं होत होतं. डोळ्यांपुढे राहून राहून ती जीप मातीत उतरत होती. शेजारचे दंतवैद्य संथपणे रायफल उचलत, ठेवत, चष्मा पुसत. मास्तरांचे हात चाकाशी, डब्यातल्या गोळ्यांशी, जाकिटाच्या बंदाशी झोंबत राहिले. विसाव्या गोळीनंतर त्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली.

मग हळूहळू थकल्यामुळे असेल, काळं जरा ओळखीचं वाटू लागलं. सात आले. आठ आले. तेहेतिसाव्या कार्डावर भोक त्या न दिसणाऱ्या ठिपक्याला चाटून गेलं होतं. मास्तरांनी ते कार्ड इतरांवर ठेवलं आणि पुन्हा एकदा उचलून बघितलं.

एकोणचाळीस झाल्या तेव्हा चार मिनिटं उरली होती. मास्तरांनी चाळिसावं कार्ड लावलं, चाक फिरवलं, रायफल उचलली. कोपर कमरेवर. गाल लाकडावर. कडं, आणि कड्यात काळं. येत होतं. मध्यावर येणार हे स्पष्ट दिसत होतं. त्याच क्षणी त्यांना आपल्या उजव्या पायाची बोटं बुटात खाली वळताना जाणवली. सकाळी हात गेला होता तेव्हाही असंच आधी बोटांत काहीतरी वळलं होतं. तेव्हा ते कळलं नव्हतं. आत्ता कळलं.

त्यांनी रायफल खाली घेतली.

मागे बाईंची खुर्ची करकरली. इतक्या दिवसांत मास्तरांनी रायफल खाली घेतलेली त्यांनी पाहिली नव्हती.

मास्तरांनी श्वास घेतला, पुन्हा उचलली. पुन्हा काळं येऊ लागलं, पुन्हा पायाची बोटं वळली. आठ मोजले. खाली घेतली. तिसऱ्यांदा उचलली. दोन मिनिटं उरल्याचं कुणीतरी पुकारलं. दाबलं असतं तर सहा-सात कुठे गेले नव्हते. बोट तयार होतं, पाय तयार होता, सगळं अंग दाब दाब म्हणत होतं. मास्तर बघत राहिले. काळं कड्याच्या मध्यावर आलं, थोडं रेंगाळलं, आणि निघून गेलं. आलेलं त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. त्यांनी रायफल खाली घेतली.

चौथ्यांदा उचलली तेवढ्यात "थांबा" असा पुकारा झाला. मास्तर थांबले.

भिंतीवर निकाल लागला तेव्हा मास्तर शेवटून पहिले होते. त्यांच्या वरच्या स्पर्धकात आणि त्यांच्यात चार गुणांचं अंतर होतं.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "एक पाच जरी मारला असता ना, तर..."

"हो."

"मग का नाही मारला?"

"मारण्यासारखी नव्हती, बाई."

बाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग रायफल पेटीत भरायला घेतली, पण पेटीची कडी लावताना त्यांनी दोनदा नाक ओढलं.

लेक टेबलापाशी उभी राहून कार्डांची चळत चाळत होती. सगळ्यांत खालचं कार्ड तिने उजेडात धरलं. एकही भोक नव्हतं.

"हे कोरं का?"

"वेळ संपली."

"मी बघत होते, बाबा. वेळ होती. तुम्ही तीनदा खाली ठेवली."

मास्तरांनी जाकिटाचा बंद सोडायला घेतला आणि मग तो तसाच धरून उभे राहिले. "तुला मी सतरा दिवस गाडी चालवू दिली नाही," ते म्हणाले. "मीच चालवली. मला वाटायचं, तुला काही होऊ नये. पण तुला काही येऊच दिलं नाही मी. आणि आज सकाळी..." डोळे भरून आले आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण बंद अजून हातातच होता.

लेकीने तो बंद त्यांच्या हातातून घेतला आणि जाकीट सोडवू लागली. "केवढं ताठ आहे हे," ती म्हणाली. "लहान असताना तुम्ही माझा रेनकोट असाच सोडवायचात."

बाहेर दुपार उतरायला लागली होती. बाईंची व्हॅन फाटकातून बाहेर पडताना क्षणभर थांबली, दोन्हीकडे बघून घेतलं आणि निघाली. लेकीने गाडीचं मागचं दार उघडलं, सीटवर मास्तरांचं जाकीट आडवं पसरलं, त्यावर बूट ठेवले, आपली पर्स ठेवली, आणि दार लावून टाकलं. मास्तर मागच्या दाराच्या मुठीला हात लावून उभे होते.

"मागे जागा नाही," ते म्हणाले.

"मग पुढे बसा. की टपावर बसणार?"

मास्तर पुढे बसले. लेकीने ते कोरं कार्ड समोरच्या काचेवरच्या सावलीच्या झडपेत खोचून ठेवलं, जिथे ती तिचे पास आणि पावत्या खोचते. मग पट्टा लावला आणि गाडी काढली.

रस्त्याला लागल्यावर मास्तरांना पुढे सगळं दिसू लागलं. डावीकडून येणारी सायकल, थांब्यावर हात करणारी बाई, लांबवरचे ट्रकचे लाल दिवे. दिसलं की पायाला कळणार. सव्वीस वर्षांत त्या सीटवर त्यांनी एकदाही डोळे मिटले नव्हते. आता त्यांनी चपला काढल्या, पाय लांब केले, डोकं मागे टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

इंजिनाचा आवाज हळूहळू उतरला. तिसरा गिअर, मग दुसरा. पुढे काय होतं ते मास्तरांना माहीत नव्हतं. उजव्या पायाचा अंगठा एकदा खाली वळला आणि तसाच सैल पडला. गाडी अलगद थांबली. थोडा वेळ बाहेरून मुलांचे आवाज आले, कसली तरी घंटा वाजली, आणि गाडी पुन्हा चालू लागली.

"बाबा, झोपलात?"

"नाही," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. "घर आलं की सांग."